पंपामागचा माणूस

कपाशीला पाती लागायच्या सुमारास आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. मी जळगावला वनस्पतीशास्त्र शिकवते, धाकटा भाऊ गावी शेती करतो. गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरीच्या काठचं. काळी जमीन, कपाशी, मका, थोडी तूर, आणि विहिरीला पाणी टिकलं तर रब्बीला हरभरा. तणनाशक मारायचं की नाही, यावर आमचं एकमत होण्याचं लक्षण दिसत नाही. पण या वादानं मला एक गोष्ट दाखवली. ग्लायफोसेट या तणनाशकानं कॅन्सर होतो की होत नाही यावर जगभर जे रण माजलंय, ते आमच्या बांधावर येऊन पोचेपर्यंत त्यातला मुख्य माणूसच कुठेतरी गळून पडलेला असतो. ज्याच्या पाठीवर पंप आहे, तो माणूस.

भावाची बाजू आधी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं अन्यायाचं होईल. आषाढात झड लागली की आठ-आठ दिवस वाफसा होत नाही. वखर चालत नाही, कोळपं चालत नाही. आणि चालवायला जोडी तरी कुठे आहे? सालदार ठेवणं कुणाला परवडत नाही, बैल दारातून गेले, निम्मी तरणी पोरं सुरतेला गेली. तण मात्र कुणासाठी थांबत नाही. कपाशीचे पहिले दोन महिने तणात गेले तर पुढे कितीही खत घाला, झाड बसकंच राहतं. अशा वेळी साऱ्या गावाला निंदणीच्या बाया एकाच आठवड्यात हव्या असतात. रोज वाढवून द्यावा लागतो, रिक्षानं आणाव्या-सोडाव्या लागतात, उक्तं दिलं तर काम वरवर होतं. भाऊ एवढंच म्हणतो, "तू सांगस ते खरं शे ताई, पन निंदाले बाया कोठेन आनू?" याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

आणि निंदणी म्हणजे काही सुखाचं काम नाही. आमच्या आईनं उभी हयात निंदणी केली. वर भुरभुर पाऊस, खाली चिखल, डोक्यावर प्लास्टिकची घोंगडी, आणि सकाळी वाकलेली कंबर दुपारच्या भाकरीलाच सरळ व्हायची. पन्नाशीनंतर तिला जमिनीवर बसून उठता येईना. हातानं निंदणं हीच खरी निसर्गाची शेती, असं शहरात बसून सांगणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. ती निंदणी कुणीतरी बाईच करत असते.

आता औषधाकडे येऊ. ग्लायफोसेट पानातून आत शिरतं, मुळापर्यंत उतरतं आणि झाडातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. त्या विकराशिवाय झाडाला काही अमायनो आम्लं तयार करता येत नाहीत, आणि हळूहळू ते पिवळं पडून वाळतं. ही रासायनिक वाट वनस्पतींत, बुरशींत आणि बऱ्याच जिवाणूंत असते. माणसाच्या, बैलाच्या, पाखराच्या पेशीत नसते. १९७४ मध्ये हे औषध बाजारात आलं तेव्हापासून त्याची 'माणसाला निर्धोक' अशी ख्याती झाली ती यामुळेच. वर्गात मी ही वाट फळ्यावर काढते तेव्हा शेतकऱ्याचं कुणी ना कुणी पोर विचारतंच, "मॅडम, मग आपल्याला काही होत नाही ना?"

एक विकर आपल्यात नाही, म्हणून दुसरी कुठलीच इजा होणार नाही, असं काही ठरत नाही. शिवाय डब्यात नुसतं ग्लायफोसेट नसतं. ते पानावर पसरावं, पानाच्या मेणातून आत जावं म्हणून त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात. त्यातलं टॅलोअमाइन जातीचं एक द्रव्य मासे आणि बेडकांच्या पिल्लांना मूळ औषधापेक्षा जास्त घातक निघालं. युरोपीय संघानं २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या औषधांत ते मिसळायला बंदी केली.

कॅन्सरचा वाद पेटला तो २०१५ मध्ये. त्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ग्लायफोसेटला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या २ए गटात टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सांगितलं की कर्करोगाचा धोका असण्याची शक्यता कमी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचंही मत तेच. लोक गोंधळले, आणि ज्याला जे सोयीचं होतं ते त्यानं उचललं. खरं तर दोघांना विचारलेले प्रश्न वेगळे होते. विहिरीत माणूस बुडू शकतो का, हे पहिल्या संस्थेनं पाहिलं. विहिरीला चांगला कठडा बांधलेला असेल तर त्यात किती जण पडतील, हे दुसरीनं पाहिलं. दोघांची उत्तरं आपापल्या जागी खरी असू शकतात. आमच्याकडे विहिरीला कठडाच नाही, आणि तिसरा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

हा कठडा म्हणजे काय, तर हातमोजे, गमबूट, तोंडाला मास्क, अंगभर कपडे, वारा नसताना फवारणी, गळका नसलेला पंप, काम झाल्यावर साबणानं अंघोळ. लेबलावर हे सगळं छापलेलं असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत, भारतातल्या अनेक भाषा एकाच घडीपत्रकात कोंबून. 'लेबलाप्रमाणे वापरल्यास सुरक्षित' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की ते मला आता शाप वाटतं. कारण लेबलाप्रमाणे वापरणारा माणूस मी आमच्या शिवारात पाहिलेला नाही.

पाहिला तो असा. सातपुड्याच्या पायथ्याकडून कामाला आलेला एक पावरा आदिवासी तरुण आमच्या शेजारच्या मक्यात फवारत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय उघडे, डोक्याला रुमाल. पंधरा लिटरचा पंप, त्याच्या झाकणाचा वायसर झिजलेला, त्यामुळे चालताना दर पावलाला थोडं द्रावण पाठीवर झिरपत होतं. शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो घाम नव्हता, कारण छातीकडून तो शर्ट कोरडा होता. मध्येच नोझल अडकलं. त्यानं ते काढलं, बोटानं पुसलं आणि तोंडाला लावून फुंकलं. मग परत बसवून पुढे चालू लागला. त्याच्या नखांवर आडवे पांढुरके पट्टे होते, एका अंगठ्याचं नख अर्धं सुटलं होतं. कुठलं औषध जास्त मारतोस विचारलं तर म्हणाला, "ते जाळणारं."

जाळणारं म्हणजे पॅराक्वाट, हे दुसरं एक तणनाशक. त्याच्या नखांना काय झालं होतं ते त्याला न तपासता मी सांगू शकत नाही. पण पॅराक्वाटचं मूळ औषध वरचेवर हाताला लागलं की नखं पांढरी पडतात, सुटतात, आणि फवारा नाकात गेला की घोळणा फुटतो, हे वैद्यकाला अनेक दशकांपासून माहीत आहे.

या तरुणाला पैसे पंपामागे मिळत होते. दिवसाचा रोज नाही, एकरामागेही नाही. जितके पंप मारशील तितके पैसे. हे ऐकलं तेव्हा बऱ्याच गोष्टी माझ्या लक्षात आल्या. पंपामागे पैसे असतील तर वारा सुटला म्हणून कोण थांबेल? हात धुवायला विहिरीवर कोण जाईल? गळणाऱ्या पंपाला नवा वायसर घालायला दुपार कोण घालवेल? आणि असा माणूस आज या शेतात, उद्या त्या शेतात, पेरणीपासून दिवाळीपर्यंत रोज फवारत असतो. शेताचा मालक हंगामात मोजके दिवस औषधाच्या जवळ जातो. हा मात्र त्यातच राहतो.

कॅन्सरवरचे अभ्यास या नजरेनं वाचले तर वेगळे दिसतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या ५४ हजारांहून जास्त फवारणी करणाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. त्यात ग्लायफोसेट आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा नावाचा रक्ताचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. हा अभ्यास भक्कम आहे, तो नाकारायचं मला कारण नाही. पण ती माणसं फवारणीचा परवाना काढलेली होती. पुढच्याच वर्षी निरनिराळे अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. ज्यांचा औषधाशी सर्वांत जास्त संबंध आला, त्यांच्यात त्याच कर्करोगाची जोखीम ४१ टक्क्यांनी जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्या पद्धतीवरही आक्षेप घेतले गेले. मी या दोन्हींपैकी एकाला खोटं ठरवत नाही. मी एवढंच विचारते की 'सर्वांत जास्त संबंध आलेला' माणूस शोधायचाच असेल तर तो कुठे सापडेल? पाठीवर द्रावण झिरपत असलेला, पंपामागे पैसे घेणारा, कुठल्याच नोंदवहीत नाव नसलेला हा तरुण एकाही अभ्यासात नाही. जगातला सगळा वाद त्याच्या गैरहजेरीत चाललाय.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीनं, ग्लायफोसेटच्या औषधानं आपल्याला हा कर्करोग झाला म्हणून मोन्सॅन्टो कंपनीवर दावा लावलेल्या, शाळेच्या मैदानांची निगा राखणाऱ्या ड्वेन जॉन्सन यांना २८.९ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. पुढे ती बरीच कमी झाली. कोर्टाचा निकाल म्हणजे विज्ञानाचा निकाल नव्हे, हे भाऊ मला बजावतो आणि त्याचं बरोबर आहे. पण जॉन्सन यांची कंपनीविरुद्ध उभं राहण्याची सोय तरी होती. औषध दोनदा त्यांच्या अंगावर सांडून ते भिजले होते, हे कोर्टात नोंदलं गेलं. आमच्याकडे भिजलेल्या शर्टाची नोंद कोण करतं?

आपल्या सरकारनं काही केलं नाही असं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरायचं. तसंही त्याची मंजुरी चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागा यांच्यासाठीच आहे. खानदेशात चहा पिकत नाही. म्हणजे कपाशीच्या ओळीत, केळीच्या बागेत जे मारलं जातं ते सगळं मंजुरीबाहेरचं. आणि शेतात येऊन तण मारून देणारा परवानाधारक मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही. नियम कागदावर राहिला, पंप त्याच पाठीवर राहिला.

त्यात चोर बीटीची भर. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला देशात मान्यता नाही, तरी दर मे-जूनमध्ये गुजरात आणि मध्य प्रदेशच्या हद्दीवर असं बियाणं पकडल्याच्या बातम्या येतात. शेतकरी ते का घेतो, हे वर भावाच्या तोंडून सांगितलंच आहे. पण चोरीच्या बियाण्याला पावती नसते, आणि त्यावर काय, किती मारायचं हे सांगणारं कुणी जबाबदार नसतं. अमेरिकेत अशी कपाशी कायदेशीर आहे. तिथे एकाच औषधावर भिस्त ठेवल्यावर जॉर्जियातल्या कपाशीत आपल्या तांदुळजाच्या कुळातलं एक तण ग्लायफोसेटला दाद देईनासं झालं, आणि शेतकऱ्यांना पुन्हा हातात फावडी घेतलेली माणसं शेतात उतरवावी लागली.

पॅराक्वाटबद्दल मात्र मला दोन्ही बाजू मांडायच्या नाहीत. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. फुप्फुसं ते ओढून घेतात, माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो, आणि दिवसागणिक श्वास कमी होत जातो. धाप लागलेल्याला प्राणवायू लावावा तर त्यानं इजा वाढते, म्हणून डॉक्टरांचेही हात बांधलेले. युरोपात २००७ पासून ते बंद आहे, ब्राझीलनं २०२० मध्ये बंद केलं. आमच्याकडे ते धान्याच्या कोठीशेजारी, ओट्यावरच्या फळीवर, पोरांच्या हाताला येईल असं ठेवलेलं असतं. नापिकीच्या वर्षी, भांडणाच्या संध्याकाळी ते हाताशी असणं हाच धोका आहे. संतापाचा तो एक तास टळला तर माणूस जगतो, हे ज्यांच्या घरात असा प्रसंग येऊन गेलाय ते सांगतील.

यावर भाऊ म्हणाला, "बंदी, बंदी करतेस, श्रीलंकेचं काय झालं ते वाच." तो २०२१ बद्दल बोलत होता. एका फटक्यात रासायनिक खतं आणि औषधं बंद केली, भात पडला, चहा पडला आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. खरंच आहे. पण त्याच श्रीलंकेनं त्याआधी अतिविषारी शेतीऔषधं, पॅराक्वाटसकट, टप्प्याटप्प्यानं बंद केली होती. आत्महत्यांनी जाणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं, आणि त्या बंदीनं पीक घटल्याचं अभ्यासकांना आढळलं नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

वाऱ्यानं येणाऱ्या संकटाबद्दल मात्र त्याला काही सांगावं लागत नाही. शेजारच्या शेतात मक्यात २,४-डी हे तणनाशक मारलं आणि वारा आमच्याकडे होता, की आठवड्यात कपाशीचं नवं पान अरुंद होतं, शिरा जवळ येतात, कडा बोटांसारख्या लांबतात. शेतकरी म्हणतात, कपाशीची भेंडी झाली. कपाशीला या औषधाचा अंशही सोसत नाही. मक्याला वापरलेला पंप नुसत्या पाण्यानं विसळून कपाशीवर कीटकनाशक मारलं तरी तेच होतं. उन्हात काही प्रकारचं २,४-डी वाफ होऊनही उडतं, म्हणजे फवारताना वारा नव्हता हे सांगून भागत नाही. बांधाला बांध लागलेल्या दोन भाऊबंदांची बोलाचाली यावरून बंद झालेली मी पाहिली आहे.

पानावर दिसतं म्हणून भांडण तरी होतं. पाण्यात दिसत नाही. मक्यात मारलेलं ऍट्राझिन हे तणनाशक पाण्याबरोबर खाली जातं. भूजलात ते सापडू लागलं म्हणून युरोपनं वीस वर्षांपूर्वी ते बंद केलं. मे २०२० मध्ये आपल्या केंद्रानं २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात ऍट्राझिन होतं, २,४-डी होतं. पुढे बंदी आली तेव्हा ही दोन्ही सुटली. आमच्याकडे ज्या विहिरीनं मका भिजतो त्याच विहिरीचं पाणी मजूर दुपारी पितात. विहिरीतलं क्षार-नायट्रेट तरी कधीमधी तपासलं जातं. तणनाशकासाठी पाण्याची बाटली घेऊन प्रयोगशाळेत गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि ज्याला आपण तण म्हणतो त्यावर कितीतरी घरांच्या चुली चालतात. श्रावणात निंदून घरी जाताना बायांच्या ओच्यात तांदुळजा असतो, घोळ असते, चिवळ असते, पाथरी असते. लसूण-मिरचीवर परतलेला तांदुळजा आणि कळण्याची भाकरी, एवढंच रात्रीचं जेवण. फवारणी आली तेव्हा या बायांचा रोज गेला आणि भाजीही गेली. बांधावरची भाजी उरते, पण त्या बांधावर काल काय मारलं हे त्यांना कोण सांगतं? फवारलेला तांदुळजा पहिल्या दिवशी हिरवागारच दिसतो. आमच्या शेतात वर्षानुवर्षं निंदायला येणारी एक मावशी मला म्हणाली, "पोरी, आता आम्ही भाजी हुंगून तोडतो." हुंगून ते कळत नाही, हे मला तिला सांगावं लागलं. सांगताना फार वाईट वाटलं.

तणनाशक पूर्ण बंद करा, असं मी भावाला म्हणत नाही. कपाशीसाठी मंजुरी असलेली औषधं आहेत. पेरणीनंतर उगवणीआधी मारायचं पेंडीमिथॅलिन आहे, उभ्या पिकात चालणारं पायरीथायोबॅक सोडियम आहे. तीही विषंच, पण निदान त्यांची मात्रा आणि वेळ लिहून दिलेली आहे. ओळीत एक निंदणी, पट्ट्यात छोट्या यंत्राची कोळपणी आणि एखादी फवारणी, असं जमवता येतं. यावर्षी त्यानं तसं थोड्या रानात केलं. खर्च थोडा जास्त आला, हेही सांगायला हवं.

काही गोष्टी त्यानं मान्य केल्या. पॅराक्वाट घरात आणायचं नाही. २,४-डीचा पंप वेगळा, त्यावर लाल पट्टी रंगवलेली. विहिरीच्या आणि नाल्याच्या कडेला काही मारायचं नाही, पूर्वेचा बांध भाजीसाठी मोकळा सोडायचा आणि बायांना तसं सांगून ठेवायचं. हराळीवर ग्लायफोसेट मारणं मात्र तो सोडत नाही. हराळी खणून काढायला माणूस आण म्हणतो. इथे आमचं जमलेलं नाही.

सगळ्यात अवघड निघाली ती मजुरी. मी म्हटलं, फवारणाऱ्याला पंपामागे देऊ नकोस, दिवसाचा रोज दे, म्हणजे तो वाऱ्यात थांबेल, हात धुवेल. भावानं देऊन पाहिला. त्या पावरा तरुणानंच नकार दिला. पंपामागे त्याला जास्त सुटतात, घरी बहिणीचं लग्न आहे, आणि एकट्या आमच्या शेतावर रोज घेऊन त्याचं कसं भागणार? साऱ्या गावानं एकच दर ठरवल्याशिवाय हे होणार नाही. पंपामागे कुणीच द्यायचं नाही, रोज बरा द्यायचा, वायसर आणि गमबूट मालकानं पुरवायचे, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडायचा म्हणून भावानं अर्ज लिहायला घेतलाय. लेबलांवरचा मराठी मजकूर मोठ्या अक्षरांत छापून आणायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलंय, आणि पावरी बोलीत तो वाचून दाखवेल अशी माझी एक विद्यार्थिनी यायला तयार झाली आहे.